लिनक्स डेस्कटॉपवर प्रोफायलर कसा निवडायचा: आधी प्रश्न, मग साधन

एका वाचनालयासाठी मी पुस्तकांच्या यादीचा छोटा डेस्कटॉप प्रोग्राम लिहिला होता. भाषा सी प्लस प्लस, खिडक्या-बटणांसाठी क्यूटी, माहिती एसक्यूलाइटमध्ये, आणि चालणार लिनक्सवर. शीर्षकं ४०,००० च्या आसपास. प्रोग्राम उघडल्यावर वर्णानुक्रमे यादी दिसायला इतका वेळ लागायचा की ग्रंथपाल तोवर दुसरं काम हातात घ्यायच्या. डेटाबेस मंद आहे असं मी मनाशी धरून चाललो आणि इंडेक्स लावण्यात, क्वेरी बदलण्यात दोन दिवस घालवले. फरक शून्य. तिसऱ्या दिवशी प्रोफायलर, म्हणजे प्रोग्रामचा वेळ किंवा मेमरी कुठे जाते ते मोजणारं साधन, लावला आणि पाच मिनिटांत कळलं की डेटाबेसचा वाटा नगण्य आहे.

लिनक्सवर प्रोफायलरना तोटा नाही आणि बहुतेक सगळे फुकट आहेत. पण प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. चुकीचं साधन लावलं तरी ते आकडे दाखवतंच, आणि आकडे दिसले की आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो. त्यामुळे ‘सगळ्यात चांगला प्रोफायलर कोणता’ हे विचारण्याआधी आपला प्रश्न कोणता हे ठरवायला हवं. तो ठरला की निवड बरीचशी आपोआप होते. त्याच वाचनालयाच्या प्रोग्रामचं उदाहरण धरून पुढच्या पायऱ्या सांगतो. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची.

पायरी १: वेळ राबण्यात जातोय की वाट बघण्यात?

याला कुठलाही प्रोफायलर लागत नाही. टर्मिनलमध्ये ‘टाइम’ लिहून पुढे आपल्या प्रोग्रामचं नाव द्यायचं. प्रोग्राम संपला की तीन आकडे येतात: रिअल, यूजर आणि सिस. रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाने गेलेला वेळ. यूजर म्हणजे प्रोसेसरने तुमचा कोड आणि त्यातल्या लायब्ररी चालवण्यात घालवलेला वेळ. सिस म्हणजे तुमच्या वतीने कर्नेलने (लिनक्सच्या गाभ्याने) केलेलं काम.

यूजर जवळपास रिअलइतका असेल तर प्रोसेसर खरोखर राबतोय. पायरी २ मधला बिल्ड तयार करून पायरी ३ कडे जा. रिअल मोठा आणि यूजर-सिस मिळून चिमूटभर असतील तर प्रोग्राम कशाची तरी वाट बघत बसलाय: डिस्कची, नेटवर्कची, नाहीतर दुसऱ्या थ्रेडने (त्याच प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्याने) धरून ठेवलेल्या लॉकची (एका वेळी एकालाच वापरू देणाऱ्या कुलपाची). मग प्रोसेसरचा प्रोफायलर लावून काही हाती लागणार नाही, सरळ पायरी ६ कडे वळा. यूजर रिअलपेक्षा जास्त आला तर घाबरू नका, अनेक थ्रेड एकाच वेळी वेगवेगळ्या कोअरवर चालले एवढाच त्याचा अर्थ.

खिडकीवाल्या प्रोग्रामला एक अडचण येते. खिडकी उघडून तुम्ही बघत बसलात तर तो वेळही रिअलमध्ये मोजला जातो. मी प्रोग्रामला एक गुपचूप पर्याय जोडला: यादी भरायची आणि लगेच बाहेर पडायचं. पाच ओळींचं काम, पण पुढच्या प्रत्येक मोजणीला ते उपयोगी पडलं. तुम्हीही हे सगळ्यात आधी करा.

आणि एकाच मोजणीवर भिस्त ठेवू नका. लॅपटॉप बॅटरीवर असला, तापला, मागे ब्राउझर उघडा राहिला की आकडे हलतात. चार्जर लावा, बाकी प्रोग्राम बंद करा आणि पाच-दहा वेळा मोजा. ‘हायपरफाइन’ हे छोटं साधन पुन्हा पुन्हा चालवून सरासरी आणि चढउतार दोन्ही देतं.

पायरी २: मोजण्यालायक बिल्ड

सर्वाधिक लोक इथे फसतात. डीबग बिल्डवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून प्रोफाइल काढू नका. कंपायलर ज्या फंक्शनांचा एरवी मागमूस ठेवत नाही, तीच यादीत वर दिसतात आणि आपण भलत्याच जागी खणत राहतो. उलट नुसता रिलीज बिल्ड घेतला आणि त्यातली नावं काढून टाकलेली असली तर नावांच्या जागी हेक्साडेसिमल पत्ते दिसतात.

दोन्ही एकत्र हवं: ऑप्टिमायझेशन चालू आणि डीबग माहितीही सोबत. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरना ‘ओ-टू’ आणि ‘जी’ हे दोन्ही पर्याय द्या. सीमेक वापरत असाल तर ‘रेल-विथ-डेब-इन्फो’ हा बिल्ड प्रकार याचसाठी आहे. रस्टमध्ये कार्गोच्या रिलीज प्रोफाइलला ‘डीबग’ चालू करा.

तिसरी गोष्ट फ्रेम पॉइंटरची. कोणी कोणाला बोलावलं ही साखळी प्रोफायलरला स्टॅकवरून (चालू फंक्शनांच्या मेमरीतल्या चळतीवरून) ओळखावी लागते आणि फ्रेम पॉइंटर असला की ते काम स्वस्तात होतं. प्रोसेसरमधलं एक रजिस्टर मोकळं राहावं म्हणून कंपायलर अनेक वर्षं तो गाळत आले. आता लिनक्सच्या वितरणांत वारं फिरलंय: फेडोराने २०२३ मध्ये ३८ व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २०२४ मध्ये २४.०४ पासून आपली पॅकेजेस फ्रेम पॉइंटर ठेवून बांधायला सुरुवात केली. तुमच्या स्वतःच्या कोडसाठी ‘नो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’ हा पर्याय तुम्हालाच द्यावा लागतो. तो आजच बिल्डमध्ये टाकून ठेवा.

पायरी ३: पर्फ, पहिलं साधन

प्रोसेसर राबतोय असं पायरी १ मध्ये दिसलं तर मी दुसरा विचार न करता पर्फ घेतो. २००९ मध्ये, २.६.३१ या आवृत्तीपासून तो लिनक्स कर्नेलचाच भाग आहे. तो नमुने घेतो: सेकंदाला ठरावीक वेळा प्रोसेसरला थांबवून ‘आत्ता कुठे आहेस’ विचारतो आणि नोंद करतो. ज्या फंक्शनमध्ये जास्त वेळ जातो तिथे तो जास्त वेळा सापडतो. प्रोग्राम जवळजवळ नेहमीच्या वेगाने चालतो, कोड बदलावा लागत नाही, आणि आपल्या कोडबरोबर लायब्ररीही दिसतात. पहिल्या साधनाकडून याहून जास्त काय हवं?

सुरू करताना परवानगी नाही असा संदेश आला तर तो ‘पर्फ इव्हेंट पॅरानॉइड’ नावाच्या कर्नेल सेटिंगमुळे. तिथे २ असेल तर तुमच्या स्वतःच्या प्रोग्रामचा यूजर भाग मोजता येतो, कर्नेलमधला नाही. उबुंटूमध्ये हा आकडा त्याहून चढा असतो. सिस्टीमवर तुमचा अधिकार असेल तर ‘सिस-सीटीएल’ वापरून तो १ करा. मशीन पुन्हा सुरू झालं की सेटिंग पूर्ववत होतं.

मग ‘पर्फ रेकॉर्ड’, त्याला कॉल-ग्राफचा (बोलावण्याच्या साखळीचा) ‘जी’ पर्याय आणि पुढे प्रोग्रामचं नाव. नमुन्यांचा वेग किती ठेवायचा? बऱ्याच ठिकाणी ९९ दिसतो. १०० ऐवजी ९९ अशासाठी की प्रोग्राममध्येच सेकंदाला शंभर वेळा घडणारं काही असेल तर नमुने त्याच्या तालात अडकू नयेत. दहा-वीस सेकंद चालणाऱ्या कामाला ९९ पुरतो. पण काम ०.३ सेकंदाचंच असेल तर जेमतेम ३० नमुने मिळतील आणि त्यावरून निष्कर्ष काढणं धोक्याचं. तिथे वेग दोन-तीन हजारांवर न्या किंवा तेच काम लूपमध्ये पन्नास वेळा करा.

फ्रेम पॉइंटर नसलेल्या लायब्ररीत साखळी तुटते. मग कॉल-ग्राफची पद्धत ‘ड्वार्फ’ (डीबग माहितीवरून साखळी ओळखणारी) करा. यात प्रत्येक नमुन्यासोबत स्टॅकचे ८ किलोबाइट उचलून ठेवले जातात, त्यामुळे सेकंदाला हजार नमुने म्हणजे सेकंदाला ८ मेगाबाइटची फाइल. म्हणून ड्वार्फसोबत वेग कमी ठेवा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये काम करत असाल तर एक सूचना. तिथे प्रोसेसरचे हार्डवेअर काउंटर (प्रोसेसरच्या आतल्या घटना मोजणारे) बहुधा मिळत नाहीत. पर्फ मग घड्याळावर आधारलेले नमुने घेतो. वेळ कुठे जातो ते त्यातून कळतं, कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) किती वेळा चुकला, म्हणजे हवी ती माहिती तिथे सापडली नाही, ते कळत नाही.

पायरी ४: निकाल वाचणं

‘पर्फ रिपोर्ट’ उघडला की दोन स्तंभ दिसतात: सेल्फ आणि चिल्ड्रन. सेल्फ म्हणजे त्या फंक्शनच्या स्वतःच्या ओळींत गेलेला वेळ, चिल्ड्रन म्हणजे त्याने बोलावलेल्या सगळ्यांसकट. माझ्या यादीत सेल्फमध्ये वरच्या जागी आयसीयू या युनिकोडची कामं करणाऱ्या लायब्ररीतली कधी न ऐकलेली नावं होती. तेवढंच बघितलं असतं तर ‘लायब्ररीच मंद आहे’ म्हणून मी सोडून दिलं असतं. चिल्ड्रनच्या क्रमाने लावलं तेव्हा त्या सगळ्यांच्या वर माझंच एक फंक्शन निघालं: दोन शीर्षकांची तुलना करणारं, जेमतेम तीन ओळींचं.

त्याची गरज का होती तेही सांगतो. युनिकोडच्या नुसत्या आकड्यांनी क्रम लावला तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर. वाचकाला आपला क्रम हवा, म्हणून भाषेचे नियम जाणणारा कोलेटर वापरावा लागतो. मी तो तुलनेच्या फंक्शनच्या आतच तयार करत होतो. प्रत्येक तुलनेला नवा कोलेटर, त्याचे नियम पुन्हा शोधणं, पुन्हा मांडणं. ती एक ओळ फंक्शनच्या बाहेर काढली आणि यादी दिसायचा वेळ झटक्यात खाली आला.

मजकुरी अहवाल डोळ्यांना जड जातो, म्हणून चित्र घ्या. फ्लेम ग्राफ ही पद्धत ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये काढली. एकावर एक रचलेल्या पट्ट्या म्हणजे बोलावण्याची साखळी, आणि पट्टीची रुंदी म्हणजे नमुन्यांचा वाटा. आडव्या अक्षावर वेळ पुढे सरकत नाही. पट्ट्या साधारणपणे नावाच्या क्रमाने लावलेल्या असतात, त्यामुळे ‘डावीकडचं आधी घडलं’ असं वाचू नका. वरच्या टोकाला रुंद पठार दिसलं की तिथे थांबा. केडीएबी या कंपनीने केलेला हॉटस्पॉट पर्फची फाइल थेट उघडतो आणि हे चित्र, थ्रेडनिहाय पट्टा, सगळं एका खिडकीत दाखवतो. क्यूटीत काम करणाऱ्याला माझी पहिली शिफारस तोच. ग्नोम आणि जीटीकेवाल्यांनी सिसप्रॉफ घ्यावा. तो एका प्रोग्रामऐवजी सगळ्या सिस्टीमचं चित्र देतो.

आणि कुठे हात घालायचा हे ठरवताना जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोब आठवा. एखादं फंक्शन एकूण वेळेच्या ५ टक्के खात असेल तर ते पूर्ण उडवून टाकलं तरी ५ टक्क्यांपलीकडे काही मिळणार नाही. कितीही मोह झाला तरी रुंद पट्टी आधी.

पायरी ५: किती वेळा? हे विचारायचं असेल तर कॅलग्राइंड

कोलेटर बाहेर काढल्यावरही क्रम लावणं यादीत वर होतंच. आता प्रश्न बदलला. वेळ कुठे जातो ते माहीत होतं. तुलना किती वेळा होते ते हवं होतं. नमुने घेणारा पर्फ हे सांगू शकत नाही. ते काम व्हालग्राइंडमधल्या कॅलग्राइंडचं. तो प्रोग्राम एका कृत्रिम प्रोसेसरवर चालवून प्रत्येक सूचना आणि प्रत्येक बोलावणं मोजतो, आणि केकॅशग्राइंडमध्ये निकाल उघडला की बाणावर आकडा दिसतो.

४०,००० शीर्षकं लावायला साधारण सहा लाख तुलना लागतात, आणि प्रत्येक तुलनेत दोन शीर्षकं. म्हणजे एकेका शीर्षकाचं कोलेशन (क्रमासाठीचा हिशोब) सरासरी तीस वेळा नव्याने होत होतं. तो आकडा समोर आला आणि उपाय आपोआप सुचला: प्रत्येक शीर्षकाची क्रम-किल्ली एकदाच काढायची, जपून ठेवायची, आणि त्या किल्ल्यांची तुलना करायची. क्यूटीच्या कोलेटरमध्ये याची सोय तयारच आहे.

किंमत मात्र मोठी. प्रोग्राम कित्येक पटींनी मंदावतो, सेकंदांचं काम मिनिटांवर जातं. शिवाय व्हालग्राइंड एका वेळी एकच थ्रेड पुढे सरकवतो, त्यामुळे थ्रेडच्या आपसातल्या भांडणांचं खरं चित्र तिथे मिळत नाही, आणि वाट बघण्यातला वेळ तो मोजतच नाही. हव्या त्या फंक्शनपुरतीच मोजणी चालू ठेवायचा ‘टॉगल-कलेक्ट’ पर्याय आहे, तो वापरा. एक मोठा फायदाही आहे: सूचनांची संख्या लॅपटॉप तापला म्हणून बदलत नाही. बदलाच्या आधी आणि नंतरचा फरक बारीक असेल तर घड्याळापेक्षा हा आकडा भरवशाचा.

पायरी ६: वाट कशाची बघतोय?

माझ्या मशीनवर प्रोग्राम झकास पळू लागला. वाचनालयातल्या जुन्या संगणकावर, जिथे फिरती हार्ड डिस्क होती, तिथे सकाळचा पहिला वापर अजूनही रडत होता. तिथे जाऊन पुन्हा ‘टाइम’ लावला. रिअल भला मोठा, यूजर जेमतेम. म्हणजे प्रश्नच वेगळा.

इथे एस-ट्रेस. प्रोग्राम कर्नेलकडे जे जे मागतो ते सगळं तो टिपतो. ‘सी’ पर्याय दिला तर एकूण हिशोब मिळतो, ‘एफ’ दिला तर सगळे थ्रेड धरले जातात, आणि कॅपिटल ‘टी’ प्रत्येक मागणीला किती वेळ लागला ते दाखवतो. मला दिसलं की यादी भरताना प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाची फाइल उघडली जात होती. पडद्यावर दिसणाऱ्या वीस-पंचवीस पुस्तकांचीच नव्हे, सगळ्यांची. माझ्या एसएसडीवर ते खपून गेलं होतं. एस-ट्रेस स्वतः प्रोग्रामला बराच मंदावतो, म्हणून त्यातले सेकंद घड्याळाचे धरू नका. किती वेळा आणि कुठली फाइल एवढंच बघा. कमी त्रासाचा पर्याय ‘पर्फ ट्रेस’, आणि थ्रेड लॉकवर अडकून पडत असतील तर ईबीपीएफवर (कर्नेलच्या आत छोटे प्रोग्राम चालवण्याच्या सोयीवर) चालणारी साधनं, उदाहरणार्थ बीपीएफ-ट्रेस.

अशा मोजणीत एक सापळा असतो. दुसऱ्यांदा चालवलं की फाइली मेमरीतच असतात आणि अडचण गायब होते. प्रत्येक वेळी आधी ‘सिंक’ करा आणि मग रूट अधिकाराने कर्नेलच्या ‘ड्रॉप कॅशेस’ फाइलमध्ये ३ लिहा, म्हणजे सकाळची थंड सुरुवात हवी तेव्हा घडवता येते.

पायरी ७: मेमरी

त्याच मुखपृष्ठांनी मेमरीही खाल्ली होती. मेमरीसाठी मी हीपट्रॅक घेतो. मेमरी मागणारी प्रत्येक ओळ तो नोंदवतो आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या दाखवतो: शिखराच्या क्षणी कोणाकडे किती होती, शेवटी परत न केलेली किती, आणि घेतल्या घेतल्या सोडलेली किती. ही तिसरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते, पण लूपमधली अशी घेणं-सोडणं वेळही खातात.

शिखराच्या चित्रात सगळी रुंदी प्रतिमांची होती. डिस्कवर दोनशे किलोबाइटचं दिसणारं मुखपृष्ठ १२०० बाय १८०० पिक्सेलचं असेल तर उघडल्यावर, पिक्सेलला ४ बाइट धरून, ८६ लाख ४० हजार बाइट व्यापतं. यादीत ते अंगठ्याएवढं दाखवायचं होतं. दिसतील तेवढीच मुखपृष्ठं, आणि तीही छोटी करून ठेवली. दोन्ही दुखणी एकदम गेली. व्हालग्राइंडमधला मॅसिफही हे काम करतो, पण हळू. हीपट्रॅक मिळत असेल तर तोच घ्या.

बाकीची साधनं, थोडक्यात

यादी सरकवताना अडखळते, अशा तक्रारीला सरासरी काढणारे प्रोफायलर अपुरे पडतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि अडखळते ती हजारातली एखादीच फ्रेम. तिथे कोडमध्ये खुणा पेरून काळाचा पट्टा दाखवणारा ट्रेसी घ्या. क्यूएमएलमध्ये (क्यूटीच्या पडदे मांडण्याच्या भाषेत) लिहिलं असेल तर क्यूटी क्रिएटरमधला क्यूएमएल प्रोफायलर.

इंटेलचा व्हीट्यून आणि एएमडीचा यूप्रॉफ हे दोन्ही पैसे न देता मिळतात. प्रोसेसरच्या आत पाइपलाइन कुठे अडते, कॅश कुठे चुकतो इतक्या खोलवर जायचं असेल तरच ते घ्या, आणि ज्याचा प्रोसेसर त्याचंच साधन. ‘पर्फ स्टॅट’मध्ये दर चक्राला होणाऱ्या सूचनांचा आकडा फार खाली दिसला तर इकडे वळायची वेळ आली असं समजा.

जीप्रॉफ अजूनही जुन्या धड्यांत भेटतो. १९८२ मध्ये तो मोलाचाच होता, पण त्यासाठी कोड वेगळा बांधावा लागतो, आणि शेअर्ड लायब्ररी व थ्रेड यांच्यापुढे तो अडखळतो. आजचा डेस्कटॉप प्रोग्राम या दोन्हींवरच उभा असतो. नव्याने शिकत असाल तर त्यात वेळ घालवू नका.

पायथनमध्ये पर्फ सरळ लावला तर तुमच्या फंक्शनांऐवजी इंटरप्रिटर दिसतो. चालत्या प्रोग्रामला बाहेरून जोडता येणारा पाय-स्पाय घ्या, ३.१२ पासून पायथनने पर्फला नावं पुरवायची सोयही दिली आहे. जावासाठी जेडीके फ्लाइट रेकॉर्डर किंवा असिंक-प्रोफायलर. गो भाषेसोबत पीप्रॉफ येतोच.

पायरी ८: बदलानंतर पुन्हा तीच मोजणी

एका वेळी एकच बदल करा आणि पहिल्यासारख्याच बिल्डवर, त्याच माहितीवर, त्याच पर्यायांनी पुन्हा मोजा. पर्फच्या जुन्या फाइली पुसू नका. ‘पर्फ डिफ’ला आधीची आणि नंतरची फाइल दिली की कुठल्या फंक्शनचा वाटा किती हलला ते ओळीने दिसतं. मी प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि कमिटचा क्रमांक घालतो. आणि शेवटची मोजणी वापरणाऱ्याच्या संगणकावर करा. माझ्या बाबतीत ती वाचनालयातल्या त्या जुन्या मशीनवर झाली, सकाळी दार उघडल्या उघडल्या, कॅश थंड असताना.